शुक्रवारी न चाललेले गेम

दादाने विचारलं, “बाय, हे तुला जमेल ना?” आणि मी “होईल” म्हणाले. ज्याला हो म्हणत होते ती गोष्ट मी तोवर एकदाही पाहिलेली नव्हती.

मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मनोरच्या पलीकडे डोंगराला लागून आमचा पाडा आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पाड्यावर सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की ही कॉम्प्युटर शिकते. कुणाचा मोबाइल अडकला, टीव्हीला चित्र येईना, रेशनच्या मशीनवर अंगठा लागेना, की मला हाक मारायचे. मी जायची आणि बंद करून चालू करायची. बरेचदा तेवढ्याने भागायचं. त्यामुळे मला जेवढं येत होतं त्याच्या कितीतरी पुढे माझं नाव गेलं होतं. कॉलेजात एका कॉम्प्युटरला आम्ही चौघी बसायचो आणि कीबोर्ड बहुतेक वेळा माझ्यापुढे नसायचा. मी प्रोग्राम वहीत लिहायची. वहीत ते सगळे चालायचे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दहावीनंतर तो बोईसरला एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर म्हणून लागला. जवळच पाम गावात एका खोलीत तो आणि वहिनी राहतात. मी पालघरला मुलींच्या होस्टेलवर होते आणि सुट्टी असली की त्यांच्याकडे जायची. दादाच्या कंपनीत रंगाची भुकटी तयार होते. ती गोण्यांत भरायची, हे त्याचं काम. नाकाला फडकं, त्यावर मास्क, तरी घरी येऊन मोरीत थुंकला की मोरी पिवळी व्हायची. दोन वर्षं खोकला होता. आधी फक्त सकाळी यायचा, मग कधीही यायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूळ सोडा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. पण हेल्परला आपला विभाग निवडता येत नाही. दादाने धूळ सोडायची म्हणजे कंपनीच सोडायची.

आणि सोडून काय करायचं, त्याचं उत्तर त्याला एका जत्रेत सापडलं. तिथे एकाने टेबलावर कॉम्प्युटर मांडून, पैसे घेऊन खेळायला, जुने व्हिडिओ गेम लावले होते. विमानाचे, मारामारीचे, उड्या मारत पळणाऱ्या माणसाचे. मोबाइलवर फुकट गेम असताना हे कोण खेळणार, असं मला वाटलं असतं. पण दादाने पाहिलं, की भोवती पोरं नव्हती, तीस-चाळिशीचे बाप्ये होते. त्याच्या कंपनीत उत्तर प्रदेशचे, बिहारचे, मराठवाड्याचे, खानदेशाचे कामगार. जेवायला बसले की कधीतरी विषय निघायचा आणि कळायचं, लहानपणी सगळ्यांनी आपापल्या गावात नाणं टाकून हेच गेम खेळलेत. दादा खेळला नव्हता. आश्रमशाळेत असताना बाजाराच्या दिवशी मनोरला एका दुकानात तो मागे उभा राहून दुसऱ्यांचं बघायचा.

एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी असते. शुक्रवारी कामगार खोलीवर कपडे धुतात, जेवतात आणि मग चहाच्या टपऱ्यांवर बसून राहतात. अशाच एका टपरीचे मालक, जळगावकडचे एक काका, दादाला आपल्या पत्र्याखाली टेबल लावू द्यायला तयार झाले. शुक्रवारी दिवसभर आणि इतर दिवशी पाळ्या सुटताना. दादाने भंगारवाल्याकडून एका ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटर आणला, दोन हातात धरायचे पॅड आणले आणि मला विचारलं. मी काय म्हणाले ते वर लिहिलंच आहे.

त्या ‘होईल’वर त्याने पुढचं ठरवलं. कंत्राटदाराकडे दर तीन महिन्यांनी हेल्परांची यादी जाते. यादीत नाव असेल त्यालाच नवा गेटपास मिळतो, आणि तीन महिन्यांच्या आत सोडलं तर कंत्राटदाराने राखून ठेवलेला पगार बुडतो. दादाने मुकादमाला सांगितलं, “या यादीत माझं नाव टाकू नका.” मुकादम बरा माणूस. तो म्हणाला, “दसऱ्यानंतर शनिवारी सकाळी यादी जाईल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत विचार कर. एकदा नाव कटलं की तुझ्या जागी दहा उभे आहेत.”

म्हणजे शुक्रवारी टेबल चाललं तर दादा भुकटीतून बाहेर पडणार होता. नाही चाललं तर पुन्हा आत. हे मला नवरात्राच्या पहिल्या दिवशी कळलं, जेव्हा मी त्या मशीनपुढे बसले होते आणि पडदा रिकामा होता.

इथे थोडं समजावून सांगते, कारण मलाही ते असंच हळूहळू समजलं. जुन्या गेमच्या यंत्रांची कॉम्प्युटरवर नक्कल करणारे प्रोग्राम असतात, त्यांना इम्युलेटर म्हणतात. प्रत्येक जुन्या यंत्राचा इम्युलेटर वेगळा आणि प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या. ते सगळे एका ठिकाणी गोळा करून, चित्रं लावून, एकच देखणी यादी समोर मांडणारा जो प्रोग्राम, तो फ्रंटएंड. खेळणाऱ्याने पॅडवर खाली-वर जायचं, चित्र निवडायचं, बटण दाबायचं, बस. मागे काय गोंधळ आहे ते त्याला दिसायला नको. तो गोंधळ माझ्या वाट्याचा.

भंगारवाल्याने गेम एका पेनड्राइव्हवर भरून दिले होते. ते गेम कुणाचे, ते असे भरून द्यायची परवानगी त्याला कुणी दिली, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज लिहिताना ते टोचतं. तेव्हा मला फक्त ते चालायला हवे होते.

आधी यादीत गेमच दिसेनात. मग दिसले, पण फक्त नावं, चित्रं नाहीत. मग चित्रं आली आणि गेम उघडला की आवाज ऐकू यायचा पण पडदा काळा. एका यंत्राला ‘बायोस’ नावाची वेगळी फाइल लागते हे कळायला दोन दिवस गेले. मारामारीच्या गेमच्या झिप फाइल मी नीटनेटकेपणाने उघडून ठेवल्या होत्या, कारण कॉलेजात शिकवलं होतं, आधी झिप उघडा. नंतर कळलं, की त्या बंदच ठेवायच्या असतात. मग सगळं पुन्हा.

उत्तरं इंटरनेटवर होती, पण इंग्रजीत. कॉलेज सुटल्यावर लॅब तासभर उघडी असायची. तिथे बसून मी वाचायची आणि वहीत उतरवून घ्यायची, शब्दाला शब्द, कारण कोणता शब्द महत्त्वाचा ते मला कळत नव्हतं. एका ठिकाणी माझ्यासारख्याच कुणीतरी अगदी माझाच प्रश्न विचारला होता. खाली एकच उत्तर होतं, की आधी नीट वाचून या. ते मला उद्देशून नव्हतं, तरी माझे कान तापले. लॅबमधल्या सरांना विचारावं असं रोज वाटायचं. रोज मी त्यांच्या टेबलापर्यंत जायची आणि “सर, येते” म्हणून निघायची. कसं विचारणार? सर, माझ्या भावासाठी गेमचं टेबल लावायचंय?

होस्टेलवर सातच्या आत पोचायचं असे, म्हणून पामला मला दुपारचे दोन-तीन तासच मिळायचे. दादा पहिल्या पाळीहून आला, की दारात उभा राहून चपला काढायच्या आधी पडद्याकडे बघायचा. काही विचारायचा नाही. वहिनी मात्र विचारायची, “ताई, आज काय बोलतंय ते?”

“आज आवाज आलाय.”

“चला, रडलं तरी. जिवंत हाय.”

खंडेनवमीच्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वादोन वाजता ते चाललं. आमच्या मशीनचं चित्र काढायचं अंग जुनं होतं, त्यासाठी एक जुनी पद्धत निवडावी लागते, ती वहीत तिसऱ्या दिवशीच लिहिलेली होती आणि मी ओलांडून गेले होते. निवडली, आणि काळ्या पडद्यातून एक निळं आकाश वर आलं, त्यात छोटं विमान. मी आणि वहिनीने एकमेकींचे दंड धरले. मग मी एकेक करत चाळीस गेम उघडून पाहिले. चाळीसही चालले. दोन्ही पॅड चालले. सगळं जसं होतं तसं वहीत नीट उतरवलं, शेवटच्या टिंबापर्यंत. दादा आला तेव्हा मी त्याला खेळायला बसवणार होते, पण माझी बस चुकत होती. तो म्हणाला, “जा तू. मी बघतो.” त्याचा चेहरा मी तसा कितीतरी दिवसांनी पाहिला.

दसऱ्याला गुरुवारी मी पुन्हा आले, होस्टेलची दोन रात्रींची रजा टाकून. खोलीत शिरले तर कोपऱ्यात पूजा मांडलेली. पाटावर विळा, दादाचं हेल्मेट, पक्कड आणि मधोमध कॉम्प्युटर. झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, पडद्यावर स्वस्तिक. मशीन असं चकाकत होतं, की भंगारातून आलंय हे कुणाला खरं वाटलं नसतं.

“एकदा चालवून बघू?” मी म्हटलं.

“आज नाय. आज मशीनला सुट्टी. कंपनीत पन आज बटन कोन नाय दाबत.”

मला खरंतर बरं वाटलं. चाललेली गोष्ट पुन्हा चालवून बघायची मला भीती वाटत होती. आम्ही आपट्याची पानं वाटली, वहिनीने केलेली खीर खाल्ली. दादा तीनदा सांगत होता, उद्या काकांनी टेबलावर पांढरं कापड अंथरायचं ठरवलंय.

शुक्रवारी दहा वाजता टपरीवर टेबल लागलं. कापड खरंच पांढरं होतं. दादाने तारा जोडल्या, ते तो माझ्याहून भराभर करतो. पेनड्राइव्ह त्याने पुढच्या बाजूला लावला. बटण दाबलं. यादी आली. रंगीत चित्रांची लांबलचक यादी. बाकावर बसलेले पाच-सहा जण चहाचे ग्लास घेऊन उठले.

“अरे, ये तो वही है! हमारे यहाँ स्टेशन के बाहर था!”

“पहले मैं. सीनियर हूँ.”

“सीनियर है तो बैठ के देख.”

मी पॅड हातात घेतला. यादी हलली नाही. दुसरा घेतला, तोही नाही. कीबोर्डने खाली गेले, विमानाचं चित्र निवडलं, दाबलं. पडदा डोळा मिटावा तसा एकदा काळा झाला आणि यादी परत समोर. पुन्हा दाबलं. काळा, यादी. दुसरा गेम. काळा, यादी. मारामारीचा. काळा, यादी.

“होतंय,” मी कुणी न विचारता म्हणाले.

बंद करून चालू केलं. पाड्यावर ज्याने मला नाव मिळवून दिलं होतं ते पहिलं औषध. काही फरक नाही. चाळीस गेम परवा चालले होते आणि मधे कुणी मशीन चालूही केलं नव्हतं. ते स्वतःहून कसं बिघडेल? मला वाटलं इम्युलेटर खराब झाला, तो मोबाइलच्या नेटवरून पुन्हा उतरवला. अर्धा तास निळी पट्टी सरकत राहिली आणि पाच-सहाचे पंधरा-वीस झाले.

“मॅडम, फोटो तो बढ़िया है. पिक्चर कब लगेगी?”

“अरे, मॅडम को टेन्शन मत दे. इंटरव्हल चल रहा है.”

हसले सगळे. वाईट मनाने नव्हे. त्यांना खरंच खेळायचं होतं. एक जण तर माझ्या शेजारी उकिडवा बसून हळूच सांगत होता, की त्याच्या गावच्या दुकानात बटण अडकलं, की दुकानदार वरून चापट मारायचा, मारून बघा. मी मारली असती, इतकी वेळ आली होती.

“पोरी, आधी चहा घे,” काका म्हणाले. मी घेतला नाही. चहा तिथेच साय धरून राहिला.

पेनड्राइव्ह उघडून पाहिला. गेम सगळे आत होते, एकही हललेला नव्हता. त्याने मी अधिकच घाबरले. गेम आहेत, इम्युलेटर नवा आहे, यादी आहे, मग मधे काय मेलंय? आणि मग मी ते केलं जे करायला नको होतं. फ्रंटएंडची सगळी मांडणी पुसली. म्हटलं, वहीत सगळं लिहिलेलं आहे, पहिल्यापासून लावू. यादी गेली. आता पडदाही रिकामा. वही मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचत, एकेक अक्षर टाइप करत गेले. गेमचा पत्ता विचारला तेव्हा वहीत होता तोच पत्ता टाकला. उत्तर आलं, गेम सापडले नाहीत. अक्षर तपासलं. बरोबर होतं. पुन्हा टाकलं. सापडले नाहीत. वहीत चालतं आणि इथे चालत नाही. माझ्या बोटांना घाम सुटून कीबोर्ड निसरडा झाला.

दुपारी लोक जेवायला गेले. नंतर त्यातले थोडेच परत आले. दादा मागे उभा होता. त्याने एकदाही ‘काय झालं’ म्हणून विचारलं नाही. मधूनच खोकायचा आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून टपरीच्या मागे जायचा. ऐकू यायचंच. प्रत्येक वेळी मी आणखी वेगाने टाइप करायची आणि आणखी चुकायची. मी मनात देवाला म्हणत होते, एक गेम. चाळीस नको. एक विमान उडू दे, तेवढ्यावर दादा ‘नाव टाकू नका’ म्हणेल, बाकीचं मी रात्रंदिवस बसून करीन.

साडेचारच्या सुमारास मुकादम आला. सुट्टीच्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्याने पांढऱ्या कापडाकडे पाहिलं, रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं.

“काय रे, ठरलं का? नाव ठेवू की काढू?”

दादा माझ्याजवळ आला आणि वाकला. “बाय, होईल का? आज नाय तर उद्या-परवा. होईल का, तेवढंच सांग.”

हो म्हटलं असतं तर त्याने नाव काढायला सांगितलं असतं. माझ्या शब्दावर. मला दिसत होतं, त्याला तसं म्हणायचंच होतं, त्याला फक्त माझ्याकडून ते हवं होतं. मी पडद्याकडे बघितलं. काय बिघडलंय ते मला माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते होईल, हे कशावरून सांगणार?

“मला माहीत नाही, दादा,” मी म्हणाले. “मला येत नाही हे. मला पहिल्यापासून येत नव्हतं.”

तो तसाच वाकलेला राहिला क्षणभर. मग सरळ झाला आणि मुकादमाला म्हणाला, “ठेवा नाव.”

मुकादमाने मान हलवली. जाताना काकांना म्हणाला, “एक कटिंग.” इतकंच.

तारा दादानेच गुंडाळल्या. काकांनी कापड झटकून घडी केलं. रिक्षात मशीन दोघांच्या मधे होतं. दादा बाहेर बघत होता, मी पायाशी.

शनिवारी सकाळी तो पहिल्या पाळीला गेला. वहिनीने काल रात्रीची भाकरी त्याच्या डब्यात दिली आणि नेहमीपेक्षा जास्त भांडी वाजवली. माझी रजा संध्याकाळपर्यंत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. वहिनी पाटावरची सुकलेली माळ काढता काढता म्हणाली, “एवढं पुसूनपासून, एवढी पूजा करून, काय उपेग झाला?”

“पुसून म्हणजे?”

“बुधवारी, तू गेल्यावर. कंपनीत दसऱ्याच्या आधी मशीन खोलून साफ करतात ना, हेल्परच करतात सगळं, तसं यांनी केलंन्. सगळ्या तारा सोडल्या, एकेक फडक्यानं पुसली. सायकलच्या पंपानं हवा मारली. ती छोटी दांडी पन काढून पुसली. मग परत लावलंन् सगळं. इतकं मन लावून, मला जेवायला पन हाक मारू नाय दिली.”

ती छोटी दांडी म्हणजे पेनड्राइव्ह.

मी उठले. मशीन जमिनीवरच, काल टपरीवर होतं तसंच जोडलं. मागच्या बाजूला वाकून बघितलं. बुधवारी पेनड्राइव्ह मागे, खालच्या यूएसबीच्या खाचेत होता. दोन्ही पॅड वर होते. आता सगळं दुसरीकडे होतं. कॉम्प्युटर प्रत्येक पेनड्राइव्हला एक अक्षर देतो, तोच त्याचा पत्ता. स्वस्तातला पेनड्राइव्ह वेगळ्या खाचेत घातला, की त्याला तो नवाच पाहुणा वाटू शकतो आणि मग तो नवं अक्षर देतो. आमचा बुधवारी ई होता. मी पेनड्राइव्ह उघडला आणि वरची ओळ वाचली, काल चारदा डोळ्यांसमोरून गेलेली. एफ. माझ्या वहीत पानोपानी ई लिहिलेलं होतं आणि मी ते इमानाने, अक्षर न चुकवता, टाइप करत बसले होते. पॅडचंही तेच. खाचा बदलल्या आणि फ्रंटएंडने त्यांना ओळखलं नाही.

पेनड्राइव्ह मागे लावला. ई आलं. मांडणी मी पुसलेली होती, ती वही बघून परत लावायला दुपारचे दोन वाजले. मग विमान उडालं. वहिनी या वेळी माझ्याजवळ आली नाही. लांबूनच बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ते आनंदाने नव्हते, हे मला कळत होतं.

काल हेच होतं. एवढंच.

मला वाटून गेलं, की बंद करून ठेवावं. दादाला सांगावं, नाही झालं. मग त्याला निदान असं वाटेल, की ते होण्यासारखंच नव्हतं. मी खरंच बटणाकडे हात नेला होता. वहिनी म्हणाली, “सांगणार ना त्यांना?” तिचा प्रश्न कोणत्या बाजूचा आहे ते मला कळलं नाही.

तो साडेतीनला आला. चपला काढायच्या आधी पडद्याकडे बघितलं आणि तसाच उभा राहिला.

मी सगळं सांगितलं. अक्षराचं, खाचेचं, वहीचं. त्याने पुसलं हे सांगताना मी अडखळले, पण सांगितलं.

“म्हंजे मीच बिघडवलं.”

“नाही दादा. बिघडलं काहीच नव्हतं.”

तो खाली बसला. पिशवीतून कंपनीतले मोजे काढले. त्यांतूनही पिवळी भुकटी सांडते. मग म्हणाला, “आमच्याकडं मशीन बंद पडली ना, की फिटर आल्या आल्या एकच इचारतो. शेवटचा हात कोनाचा लागला? पाना नंतर उचलतो. काल तू मला इचारलं नायस.”

मी इंटरनेटवरच्या न पाहिलेल्या माणसांना विचारलं, वहीला विचारलं, देवालाही विचारलं. दिवसभर माझ्या मागे दोन हातांवर उभा असलेल्या, दहा वर्षं यंत्रं सोडणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कारण शिकलेली मी होते.

“आन मी पन सांगितलं नाय,” तो म्हणाला. “वाटलं, पुसलं त्यात काय सांगायचं? तू शिकलेली.”

“यादी गेली का?”

“गेली सकाळीच. आता तीन महिने.” त्याने ते रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

वहिनीने चहा आणला. त्याने हात धुतले, दोनदा, साबण लावून, आणि मशीनपुढे येऊन बसला. “दाखव, कसं करतात.” मी पॅड त्याच्या हातात दिला. कोणत्या बटणाने उडायचं, कोणत्याने गोळी मारायची ते सांगितलं. त्याची बोटं भुकटीने रापून जाड झाली आहेत, लहान बटणं त्याला नीट सापडत नव्हती. पण दोन-तीन डावांत त्याला जमायला लागलं. विमान ढगांतून, गोळ्यांमधून वाट काढत पुढे पुढे जाऊ लागलं. मग खोकल्याची उबळ आली. पॅड हातातून सुटला आणि विमान पडलं. त्याने तोंड पुसलं, पॅड उचलला, पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेवढ्याच अंतरावर कुठेतरी उबळ आली. मी शेजारी बसून होते. माझ्या बसची वेळ होईपर्यंत तो एकदाही त्या पहिल्या टप्प्याच्या पुढे गेला नाही.